किती तास घालता?

खानम, तुम्ही विचारलंत, किती तास घालता.
मी म्हणालो, आठ.
तुम्ही मान वर न करता लिहून घेतलंत
आणि मला वाटलं, सुटलो.

पहाटे पाचला, दिवा न लावता,
आधी उजवी. मग डावी,
जी हल्ली बोटावरून दोनदा निसटते.
रात्री अकराला रबरी चोखणीने ओढून काढतो.
कधी काढतही नाही.
डोळा लागतो, लेन्ससकट.

मीलकच्या नाक्यावर मी वजनकाट्यावर बसतो.
ट्रक येतो, मी पाटी वाचतो, आकडा लिहितो.
चष्म्याने हे होत नाही,
चष्म्याने माझ्यापुढे कधीच हात टेकले.
लेन्स नसली की दोनाला आणखी एक दात फुटतो
आणि त्याचे तीन होतात.
एका ट्रकला सहा दिवे लागतात,
रांग आहे त्याच्या तिप्पट दिसते.
एकदा मी कांद्याच्या ट्रकवर सिमेंटचं वजन चढवलं.
साहेब हसले.
दुसऱ्यांदा हसले नाहीत.

तुम्ही जाहेदानच्या, आडनाव रीगी,
म्हणजे वाळू तुमच्या नावातच आहे.
तरी आमची धूळ वेगळी.
हामून आटल्यापासून
एकशेवीस दिवसांचा वारा
तळ्याचा तळच उचलून आणतो.
माझा बाप लव्हाळ्यांच्या तराफ्यावरून
जिथे मासे धरायचा,
तो गाळ आता माझ्या लेन्सखाली येऊन बसतो.
चोळू नका म्हणता.
बापाचं तळं आहे, खानम, कसं न चोळू?

कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यातलं दिसतं म्हणतात.
मला माझंच दिसतं.
दुपारी दोनच्या सुमाराला तर फक्त तेच.

तुम्ही यंत्राला माझी हनुवटी टेकवलीत,
निळा उजेड सोडलात, बराच वेळ गप्प राहिलात.
म्हणालात, शंकूच्या टोकावर ओरखडा आहे,
आधीच्या ओरखड्यावर.
कडेने लाल मुळं आत शिरताहेत,
डोळ्याला हवा पुरत नाही, म्हणून.
मग विचारलंत,
नळाच्या पाण्याने धुता का कधी?
मी म्हणालो, कधीच नाही.

बाटली संपली होती.
दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात.
पुढचा आठवडा तीनदा येऊन गेला.
गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वच्छ दिसत होतं.
दिसत होतं, असं मी म्हणतोय. मी.

दोन्ही तीन आठवडे बंद, म्हणालात.
नऊ दिवस पाळलं.
पहिल्या दिवशी खिडकी उघडून ओरडलो,
नंबर सांगा!
जरंजकडून डाळिंबं घेऊन आलेला
शिरिनदिल नावाचा म्हातारा.
आवाजावरून म्हातारा,
बाकी त्याच्या जागी नुसता एक तपकिरी ढग.
त्याने सांगितला. मी लिहिला.
इंजिन चालूच होतं, तो जाईना.
म्हणाला, आणि खोटा सांगितला असेल तर?
म्हटलं, तोच लिहिला जाईल.

वारा मध्ये आला.
मग त्याने नंबर पुन्हा सांगितला,
सावकाश, एकेक आकडा,
लहान पोराला सांगावा तसा.
वेगळा होता.

मी पहिला खोडला.
खोडायला डोळे लागत नाहीत,
एक आडवी रेघ.

दहाव्या दिवशी उजवी परत घातली.
हेही लिहा.
पगार कापला जात होता,
आणि मुलगी सरगुल म्हणाली,
बाबा, तुम्ही माझ्याकडे बघताना
माझ्या बाजूला बघता.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल.
दुसऱ्याची पारदर्शक चकती शिवून बसवावी लागेल,
त्यासाठी मशहदला जावं लागेल,
रांग तिथेही आहे.
ती खरंच तेवढी लांब आहे की माझ्या डोळ्यांना,
ते विचारायचं राहिलं.

पण आज त्यासाठी आलो नाही.
तुमचा कागद काढा.
नाव तेच, खोदादाद सरगजी.
अठरा तास.
टाकीचं पाणी, चार वेळा, कदाचित पाच.
ते आठ खोडा.